बाक क्रमांक तीनमधली बाटली

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

बाटली हरवली!

होमिओपॅथीच्या गोळ्यांची ती छोटी, पांढऱ्या बुचाची. अकराच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या मागे गेले तेव्हा पर्समध्ये होती. मोठ्या सुट्टीत नाही! पर्स तीन वेळा उलटी केली. दोन खडू, एक सेफ्टी पिन, कसालच्या एसटीचं तिकीट, आणि 'तंबाखूमुक्त शाळा — समन्वयक' असा माझाच बिल्ला. बिल्ला सापडला, मशेरी नाही.

इथे तरी खरं लिहिते. बारा वर्षं मी मशेरी लावते. दिवसातून तीनदा, कधी चारदा. फळ्यावर काळ्या फुप्फुसाचं चित्र काढते, पोरांकडून शपथ वदवून घेते, आणि मग प्रयोगशाळेच्या मागे जाऊन हिरड्यांवरून बोट फिरवते. हे एका काशीबाईलाच ठाऊक आहे. ती शाळेची खिचडी शिजवते आणि माझी मशेरीही तीच भाजून, कुटून, वर लवंग घालून देते. लवंग वासासाठी. कुणी विचारलं की म्हणायचं — बाईंची दाढ दुखते. बारा वर्षं माझी दाढ दुखते आहे आणि कुणालाही शंका आलेली नाही.

दुपारी डोकं भणभणलं. आठवीच्या पोरांना उगीच झाडलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मेले!

नवे फौजदार आले शाळेत. घाटावरचे आहेत. लोकांशी प्रेमाने कसं वागावं याचं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेत. लाठी गाडीतच ठेवली आणि हसत आत आले. इतकं हसले की पाचवीतली दोन पोरं रडायला लागली. मग एक फॉर्म वाटला — 'पोलिसांची भीती किती वाटते? एक ते दहा.' भाषणाच्या आधी एकदा भरायचा, भाषणानंतर एकदा. आधी सरासरी आली चार. नंतर सात.

साहेब जरा हिरमुसले. पण लगेच सावरून म्हणाले, "आता आपण मैत्रीपूर्ण दप्तर तपासणी करू या, मित्रांनो!"

दहावीच्या वर्गात, बाक क्रमांक तीनच्या खणात, माझी बाटली! काल मोकळ्या तासाला मी त्याच बाकावर बसून वह्या तपासल्या होत्या, आत्ता आठवलं.

मी बोलणार होते. देवाशप्पथ बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात साहेबांनी बूच काढून वास घेतला. मग हवालदारांनी घेतला. त्यांची आई मशेरी लावते म्हणे. ते छाती पुढे काढून म्हणाले, "साहेब, ही मशेरी न्हय. मशेरी मी झोपेत पण वळखतंय." आमच्या मुख्याध्यापकांनी, दत्तप्रसाद सरांनी वास घेतला. त्यांनी नुसती मान हलवली. साहेबांचे डोळे लकाकले — "मशेरी नाही? मग हे काहीतरी मोठं आहे!"

लवंगेने केला घात. मी तोंड मिटलं.

बाक तीनवर दोघी बसतात. आकांक्षा खालच्या वाडीची. रोज सकाळी वाळूत धावते, बारावी झाली की पोलीस भरतीला उतरायचं म्हणते. किशोरी वरच्या वाडीची. शिंक आली तरी आधी हात वर करते. दोघी पांढऱ्याफटक पडल्या.

साहेबांनी तिथल्या तिथे चौकशी समिती नेमली. अध्यक्ष कोण? समन्वयक या नात्याने — मी!

बुधवार, १९ नोव्हेंबर

बाटली तपासणीला गेली. अहवालाला तीन-चार आठवडे लागतात.

काशीबाईला सांगितलं तर ती खिचडी ढवळत हसली नुसती. "टेस्टिक गेली? जाव दी! काय्येक होवचा नाय." हिला कसलं गांभीर्यच नाही! म्हटलं, अगं, माझी नोकरी जाईल, अब्रू जाईल, पोरी हकनाक अडकतील. तर म्हणते, "माका मेलीक काय करतले? मी अंगठो लावतंय." दुसरी बाटली मात्र भरून दिली.

गुरुवार, २० नोव्हेंबर

गावच्या ग्रुपवर सकाळी सहाला बातमी — 'शाळेत काळी कोकेन!' खाली हात जोडलेले चौदा, रडणारे सहा, आणि कुणीतरी चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा.

शाळा भरायच्या आत दोन्ही वाड्या हजर. खालच्या वाडीतून भाई, म्हणजे आकांक्षाचे वडील. वरच्या वाडीतून महादू, किशोरीचा काका. एकाचा मच्छीचा लिलाव बोलून बोलून घसा फुटलेला, दुसऱ्याच्या काजूच्या बागा. दोघांचं एकमेकांशी पटत नाही याला शाळेचं नावसुद्धा कारण आहे. ते कुठल्या वाडीवरून ठेवायचं यावर सतरा वर्षं भांडण झालं, म्हणून शेवटी शाळेला नुसतं 'विद्यालय' म्हणतात.

भाई म्हणाले, "बाटली वरच्या वाडयेची. असली थेरां आमच्यात नसतत."

महादू म्हणाला, "तुमच्यात नसतत? बोटीर काय तीर्थ पितास?"

मग महादूने खिशातून टेप काढली! बाक मोजला. पोलिसांनी खडूने खूण केली होती, ती बरोब्बर मधोमध निघाली. भाईंनी टेप घेऊन परत मोजला, तरी मधोमधच. मग महादूला सुचलं — "मधोमध खरी. पण बूच खालच्या वाडयेच्या बाजूक होता!" यावर पाऊण तास गेला. अध्यक्ष म्हणून माझं मत विचारलं. मी म्हटलं, बुचावरून काही सिद्ध होत नाही. विज्ञानाच्या बाई बोलल्या म्हणून दोघांनी ऐकलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

साहेबांनी फॉर्म पाठवला. 'जोखमीतील विद्यार्थी — किमान पाच.' रकाने : नाव, वाडी, संशयाचे कारण. सही अध्यक्षांची. मुदत सोमवार, ८ डिसेंबर.

मी फोन केला. म्हटलं, साहेब, किमान पाच कशाला? एकही नसेल तर? ते मऊ आवाजात म्हणाले, "बाई, फॉर्ममध्ये पाच ओळी आहेत. कोऱ्या सोडल्या तर वरून परत येतो. आणि ही काही शिक्षा नाही हो. आपण त्यांना मदत करणार." माणूस वाईट नाही. खरोखर मदत करायची आहे त्याला. म्हणूनच भीती वाटते.

शाळा सुटल्यावर आकांक्षा थांबली. डोळे सुजलेले. "बाई, माजा नाव लिवू नकात. भरतीक पोलीस स्टेशनातून चारित्र्य तपासतत. एकदा नाव लागला की ता जायत नाय." मग शपथ घेतली — "आवशीशप्पथ, बाई, ती बाटली माजी न्हय."

मला माहीत आहे बाळा, ती तुझी नाही! एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी काय बोलले? "समिती निष्पक्षपणे चौकशी करेल."

थू माझ्या जिण्यावर. रात्रीचा भात गेला नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

यादी कोरी. मशेरी पाच वेळा.

बुधवार, २६ नोव्हेंबर

साहेबांचं नवं काम — शाळेभोवती शंभर यार्डांवर पिवळी रेघ. आत तंबाखू विकायची नाही, खायची नाही. नियम जुना आहे म्हणे, रेघ नवी. हवालदार चुन्यात हळदीसारखा रंग कालवून सकाळपासून फिरत होते.

रेघ महादूच्या घरातून गेली! स्वयंपाकघर आत, ओटी बाहेर. दुपारी बघते तर महादू खुर्ची ओढत ओटीच्या अगदी टोकाला बसलेला, तोंडात पान-तंबाखू, आणि बायको आतून ओरडते — "अहो, जेवाक येतास काय?" "तोंड धुतल्याबिगर भितूर येवक गावचा नाय! कायदो आसा!"

देवळाचा सभामंडप पाऊण आत आणि पाव बाहेर. त्या पाव भागात आता गावातले सगळे म्हातारे बसतात. एवढी गर्दी तिथे जत्रेतही नसते.

माझी प्रयोगशाळेची मागची बाजू मात्र रेघेच्या ऐन मध्यात.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

गंमत बघ. काल साहेबांनी दत्तप्रसाद सरांना सांगितलं, यादीतल्या पाच जणांना कणकवलीला एक दिवसाचं समुपदेशन शिबिर. गाडी पोलिसांची. जेवण, टी-शर्ट, प्रमाणपत्र.

सरांनी ते ग्रुपवर टाकलं. झालं!

दुपारपर्यंत प्रमाणपत्राला भरतीत पाच गुण. संध्याकाळपर्यंत दहा. कुणी ठरवलं हे? कुणीच नाही. पण आता भाई दारात उभे — "बाई, आमच्या वाडयेची तीन नावां घाला. आकांक्षाचा पयला."

मी म्हटलं, भाई, ही संशयितांची यादी आहे!

"होय, होय. पण संशयितांत आमचो वाटो कमी कित्याक? लोकसंख्या आमची जास्त!"

मागोमाग महादू. त्याचंही म्हणणं तेच — तीन. किशोरीचा चुलतभाऊ तर चौथीपासून संशयास्पद आहे, त्याच्यावर अन्याय नको.

शनिवार, २९ नोव्हेंबर

पाच भागिले दोन. अडीच. अर्धा संशयित कुठून आणू?

मी सुचवलं — दोन-दोन, आणि पाचवा चिठ्ठी टाकून. दोघेही तयार झाले होते. तेवढ्यात मधल्या वाडीतले लोक आले. मधली वाडी म्हणजे तीन घरं आणि एक विहीर. त्यांच्यातर्फे मथुराकाकी बोलल्या. त्यांचा आवाज भरून आला होता — "इतकी वर्सां झाली, आमका कोण मोजीतच नाय. रस्तो नाय दिलास. नळ नाय दिलास. आता संशय पण घेवचो नाय?"

सगळे खाली बघायला लागले. खरंच होतं ते. पाचवी जागा मधल्या वाडीला एकमताने. मग लक्षात आलं की मधल्या वाडीत शाळेत जाणारं पोरच नाही. मथुराकाकी म्हणाल्या, "नातू आसा. दोन वर्सांचो. पुढच्या खेपेक लागात."

हसू आवरेना मला. घरी येऊन एकटीच हसले, आणि हसता हसता आकांक्षा आठवली.

मंगळवार, २ डिसेंबर

सकाळी मुद्दाम किनाऱ्यावर गेले. वाळूवर कुत्र्यांची पावलं, खेकड्यांची भोकं, रापणीचं जाळं ओढल्याच्या खुणा. आकांक्षाच्या बुटांचा एकही ठसा नाही.

वर्गात विचारलं, धावायला जात नाहीस? म्हणाली, "आता धावान काय करू?" बाबांना वाटतं गुण मिळणार. तिने नियम मोबाइलवर स्वतः वाचलेत. गुण-बिण काही नाहीत. नाव मात्र लागणार. बापाला समजवायला गेली तर तो म्हणतो, बाईंनी स्वतः पहिलं नाव घालायचं कबूल केलंय.

मी कधी कबूल केलं? बहुतेक नाही म्हणाले नाही तेव्हा.

मला लाज वाटते. साधी, सरळ लाज. पन्नाशीची बाई पोरीच्या मागे लपून बसली आहे. आणि कशासाठी? जिल्ह्याचा 'तंबाखूमुक्त शाळा' पुरस्कार मिळणार आहे म्हणून? लोक हसतील म्हणून? हसतील ना. लोक तर भाईंच्या टोपीलाही हसतात.

उद्या सांगते सरांना.

बुधवार, ३ डिसेंबर

सर कणकवलीला मीटिंगला.

गुरुवार, ४ डिसेंबर

सर होते. मी केबिनमध्ये गेले, खुर्चीत बसले, आणि ग्रंथालयाच्या पंख्याबद्दल बोलून आले.

मग कबुलीजबाब लिहायला घेतला. पहिला मसुदा : 'उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष' असाच झाला. सवय! दुसऱ्यात आईला मध्ये आणलं, ती लावायची म्हणून मी शिकले वगैरे. खोटं. आईने बघितलं असतं तर बोट मोडलं असतं. तिसरा एका ओळीचा होता. तो बरा होता. तोच आधी फाडला.

काशीबाई म्हणाली, "गो बाय, तुज्या तोंडार रंग नाय रवलो. इतक्या काय झाला हा?" मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, तुझ्या मशेरीने झालंय सगळं! आणि हल्ली तुझी मशेरी पहिल्यासारखी चढतही नाही! ती काहीतरी बोलणार होती. मग पदराला हात पुसून तांदूळ निवडायला बसली.

रविवार, ७ डिसेंबर

रात्रीचे बारा वाजलेत. पण सगळं लिहून ठेवते.

साहेबांनी सभामंडपात बैठक बोलावली होती — 'पोलीस-पालक संवाद'. उद्या यादीची मुदत. अख्खा गाव आला. वरची वाडी डावीकडे, खालची उजवीकडे, मधली वाडी खांबाला टेकून. पोरी मागे. मी पुढे, अध्यक्ष ना! मांडीवर फॉर्म. पहिल्या ओळीवर भाईंनी पेन्सिलीने आधीच 'आकांक्षा' लिहून दिलेलं.

साहेब माइक घ्यायला उठले तर गणपतभाऊंनी हाताने थांबवलं. गावचं कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही आणि गाऱ्हाणं घालायचा मान गणपतभाऊंच्या घराण्याचा. नारळ ठेवला. हात जोडले. आणि गाऱ्हाण्याचा तो सूर लागला, माहेरी कसालला मूल असल्यापासून ऐकलेला.

"बा देवा, म्हाराजा! आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमलेली आसत, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" — अख्खा गाव, एका दमात.

साहेब दचकले. वही काढून काहीतरी लिहिलं.

"शाळेत जो काय घोटाळो झालो हा, तो तू सोडव, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्ये नवीन सायब घरादारापासून लांब इलेले आसत. तेंका वर्साच्या आत बऱ्या जाग्यार परत धाड, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

साहेब माझ्याकडे वाकले. "बाई, ही माझ्या बदलीची मागणी आहे का? सर्वानुमते?" मी कुजबुजले — नाही हो साहेब, आशीर्वाद आहे. इथे गाऱ्हाण्यात गणपतभाऊ काहीही बोलले तरी आम्ही होय म्हणतो. नाही म्हणायची पद्धतच नाही. त्यांनी तेही लिहून घेतलं.

गणपतभाऊ आता रंगात आले होते. डोळे मिटलेले, घाम फुटलेला.

"लेकरांची नावां कागदार चडवच्या आदी मोठ्यांची चडव, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि जेच्या कोणाच्या हातसून ही चूक झाली आसात, तेका तू हयच उभो कर! तेची वाचा फोड, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं असेल? मी! सवयीने! लहानपणापासूनची सवय — कसालच्या देवळात आजोबांच्या मांडीवर बसून हेच ओरडले आहे. ओरडून झालं आणि मग कळलं मी देवाकडे काय मागितलं ते.  मागे वळून बघितलं. आकांक्षा खांबाच्या आड उभी होती, तिचेही हात जोडलेले. ती हे मनापासून मागत होती.

मी उभी राहिले. का, कशी, माहीत नाही. पाय आपोआप.

"ती बाटली माझी आहे," मी म्हटलं. "मशेरी आहे ती. मी बारा वर्षं लावते. पोरींचा काही संबंध नाही."

आणि अख्खा गाव, डोळे मिटून, हात जोडून, एका दमात —

"होय म्हाराजा!!"

मग एकेकाचे डोळे उघडायला लागले. आधी महादूचे. मग भाईंचे. दत्तप्रसाद सरांच्या हातातला पेढा खाली पडला. गणपतभाऊंनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं, परत मिटला, आणि भराभर गाऱ्हाणं आटोपलं. पन्नास वर्षांत त्यांच्या गाऱ्हाण्याला इतक्या लवकर कधी फळ आलं नव्हतं. घाबरले असणार ते.

साहेब वही मिटून म्हणाले, "हे प्रशिक्षणात नव्हतं."

सोमवार, ८ डिसेंबर

दोनशे रुपये दंड. पावती मिळाली. समन्वयकपद गेलं. सरांनी 'तंबाखूमुक्त शाळा' हा फलक स्क्रू काढून स्वतः खाली घेतला. 'तंबाखू'वर कागद चिकटवून परत लावता येईल का बघत होते.

पुरस्कारही गेला. सरांना खरं दुःख झालंय. मी माफी मागितली. म्हणाले, "बाई, तुमची दाढ...?" म्हटलं, दाढ ठणठणीत आहे. ते फारच खट्टू झाले. दर सहा महिन्यांनी त्यांनी मला लवंगेचं तेल आणून दिलं होतं.

साहेबांनी सभेचा वृत्तांत वर पाठवला — ठराव अकरा, सर्वानुमते मंजूर. त्यात एक : मुलांची नावं कागदावर चढवण्याआधी मोठ्यांची चढवावीत. ठरावच झालाय म्हटल्यावर यादीत मुलं घेता येत नाहीत. पाच ओळींपैकी पहिलीवर विनीता, म्हणजे मी. बाकी चार ओळींवर त्यांनी तिरकी रेघ मारली. फॉर्म वरून परत आला तर परत पाठवीन म्हणाले. मी त्यांना चहा पाजला.

'वाडी' या रकान्यावरून मात्र घोळ झाला. माझं सासरचं घर वरच्या वाडीत. महादू म्हणाला, लग्न करून इली म्हणून काय आमची झाली? भाई म्हणाले, आमची तर न्हयच न्हय. पहिल्यांदाच दोन्ही वाड्यांचं एकमत झालं. रकान्यात लिहिलं — 'कसाल'.

सत्तावीस वर्षं या गावात राहतेय! रागच आला. मग किशोरी आली, हात वर केला, परवानगी मागितली आणि म्हणाली, "बाई, काकांका सांगतंय मी, रस्त्यात तुमका हसले तर घराक येव नकात म्हणान."

आणि आकांक्षा? सकाळी किनाऱ्यावरून धावत गेली. मला बघून थांबली नाही. नुसता हात वर केला. मी तिथेच वाळूत बसून रडले थोडी.

रात्री अजयचा फोन. नवरा मुंबईत, पण गावचा ग्रुप त्याच्याही मोबाइलवर! "बारा वर्षं? मला वाटायचं तू दात घासतेस."

गुरुवार, ११ डिसेंबर

शिबिर झालं. पोलिसांची अख्खी गाडी आणि आत मी एकटी.

कणकवलीतल्या ताईंना बारा ते सोळा वयोगट सांगितला होता. त्यांनी कार्यक्रम बदलला नाही. मी 'नाही म्हणायला शिकू या' हे गाणं हातवारे करून म्हटलं. रागावलेल्या सिंहात रंग भरला. माझा सिंह चांगला आला. टी-शर्ट चौदा वर्षांच्या मापाचा. पुलाव पाच जणांचा. दोन डबे मथुराकाकींना नेऊन दिले — मधल्या वाडीचा वाटा.

सोडली. रविवारपासून एकदाही लावलेली नाही.

रविवार, १४ डिसेंबर

सातवा दिवस. मरणाचं डोकं दुखतंय. हात थरथरतात, झोप नाही, जिभेला चव नाही. मोबाइलवर वाचलं — निकोटीन रक्तातून जाताना असंच होतं, दोन आठवडे सोसावं लागतं. सोसते. पोरीसमोर तोंड वर करून चालायचं आहे.

काशीबाई पेज घेऊन आली. मी कण्हत होते. ती पाठ फिरवून बसली, खांदे हलत होते. रडत होती बिचारी.

बुधवार, १७ डिसेंबर

अहवाल आला. साहेब स्वतः घेऊन आले. हसत नव्हते.

'करवंटीचा कोळसा, मीठ, लवंग. निकोटीन : आढळले नाही.'

तशीच स्वयंपाकघरात गेले. मग हे दहा दिवस माझे हात कशाने थरथरत होते? काशीबाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "तीन वर्सां झाली गो बाय. तुज्या गालात पांढरो डाग इलेलो. डाक्तर तुका सांगी होतो, तेव्हा मी भायर बसललंय. आदी अर्दी करवंटी घातलंय. मगे चिमूटभरच तमाखू. मगे ती पण बंद केलंय."

"मला सांगायचं तरी!"

"सांगलंय आसतंय तर सोडलं आसतंस?"